वच्छलाचा डावा पाय

कोसंबीत त्या वर्षी दिवाळी झाली आणि बातमी उठली, की दादाजी पचाऱ्याच्या वच्छलाला हत्तीपाय झाला. डाव्या पायाला. बातमी निघाली तलावाच्या पाळीवरून, त्या बांधावरच्या धुणं धुवायच्या दगडावरून. चक्कीपर्यंत आली तेव्हा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. पानठेल्यावर गेली तोवर सूज मांडीला लागली. आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसून नागभीडला उतरली तेव्हा तर म्हणे नागपूरच्या डॉक्टरनं पाय कापायचा दिवससुद्धा ठरवून टाकला होता. ज्या पायाबद्दल हे सगळं चाललं होतं तो त्या वेळी दादाजीच्या अंगणात लांब पसरलेला होता, आणि त्याची मालकीण सुपात झिंगे निवडत होती.

हत्तीपाय वगैरे काही नव्हतं. पण गावाला अगदीच वेड लागलं होतं असंही म्हणता येत नाही. वच्छलाचे दोन पाय एकमेकांचे सख्खे वाटत नसत, हे खरंच होतं. उजवा चारचौघींसारखा. डाव्याची पोटरी मात्र अशी भरलेली, की वाटावं, हा पाय पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालाचा, चुकून हिच्या वाट्याला आलाय. नागभीडच्या सोनाराला तिच्या डाव्या पैंजणात जास्तीच्या कड्या जोडाव्या लागल्या. जोडता जोडता तो म्हणालाच, "का वो बाई, दोघीईचे पाय घेऊन आली का?" वच्छलानं त्याला उत्तर दिलं नाही. उत्तरं ती साठवून ठेवायची, आणि वेळ आली की एकदम काढायची.

पाय असा केला तलावानं. दादाजी धीवर. तलावात त्याची मासोळी, आणि पावसाळा सरला की शिंगाडे. दोन रिकामे डबे एका फळीला बांधून त्यानं तराफा केला होता, एका माणसापुरता. शिंगाड्याचं काम म्हणजे दोन्ही हातांचं. एका हातानं वेल उचलायची, दुसऱ्यानं काटे चुकवून फळ तोडायचं. मग तराफा हलवायचा कशानं? पायानं. फळीवर उजवा पाय दुमडून बसायचं, डावा पाण्यात सोडायचा आणि बदकासारखा मारत राहायचा. पाय बदलायची सोय नव्हती, कारण टोपली बांधायची जागा दादाजीनं उजव्या अंगाला केली होती. दादाजीला विचारलं तर तो म्हणायचा, "मी डावखुरा आहो, मले तसंच सोपं पडलं." बापाच्या सोयीनं फळी झाली आणि फळीच्या सोयीनं पोरीचा पाय. फ्रॉक घालायची तेव्हापासून वच्छला त्या तराफ्यावर बसायची. सगळा तलाव तिनं एका पायानं पालथा घातला होता.

त्या पायाचा उपयोग पहिल्यांदा दिसला तो श्रावण सरांना. सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि जीव कबड्डीत. मुलांचे संघ गावोगाव होते. पोरींचा संघ काढायचं त्यांच्या डोक्यात आलं तेव्हा गावानं खूप तोंडं वाकडी केली. ती कशी सरळ झाली ते सर जाणोत. वच्छला दहावी होऊन घरीच होती, तिलाही त्यांनी ओढलं. पहिल्याच दिवशी चढाईला गेली आणि पकडणाऱ्या पोरीला अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत अशी आली, जशी कोणी पाण्याची घागर आणते.

हळूहळू लक्षात आलं, की तिच्या दोन पायांनी कामं वाटून घेतली आहेत. रेषेपलीकडे चवडा लांबवायचा, कोणाला हलकेच शिवून यायचं, ते काम उजव्याचं. उडी घ्यायची, गर्रकन वळायचं, ओढून आणायचं, ते डाव्याचं. सर म्हणत, "उजवा पाय हुशार हाय अन् डावा दांडगा." सर्वांनाच थोडंफार असं असतं, ते सांगत, आपण जिना चढताना कोणता पाय आधी टाकतो ते बघा. पण वच्छलाचं जरा जास्तच होतं. आणि जे जास्त असतं ते दिसतं. ब्रह्मपुरीकडच्या एका सामन्यात समोरच्या पोरींनी ते हेरलं. ही वळणार ती डाव्यावरच, मग दुसरीकडे बघायचंच कशाला? सगळ्याजणी डाव्या घोट्यावर तुटून पडल्या. वच्छला त्या दिवशी पुन्हा पुन्हा बाद झाली, आणि पोटरीत अशी लचक भरली की बसच्या पायऱ्या तिला बसून चढाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी सुतळी घेतली. उजव्या पोटरीला पुरलेली सुतळी डाव्या पोटरीला दोन बोटं कमी पडली.

"वच्छला," सर म्हणाले, "तू एका पायावर खेळून राह्यली. दुसरा नुसता जेवून राह्यला. त्याले कामाले लाव."

"कसा लावू सर?"

"सकाळी पाळीवरून लंगडी. उजव्या पायानं. अन् तराफ्यावर पाय बदल."

पाय बदलायला दादाजीनं टोपली डाव्या अंगाला बांधून दिली. वच्छला उजवा पाय पाण्यात सोडून बसली, मारायला लागली, आणि तराफा जागच्या जागी फिरायला लागला. कितीही मारा, गोल. शिंगाड्याच्या वेली तिच्याभोवती गुंडाळल्या. काठावर दादाजी पोट धरून बसला. "पोरी, तलावाले भवरा चढला वो!" असं तो तिथूनच ओरडत होता. आईनं मात्र हसणं बाजूला ठेवलं, लचकलेल्या डाव्या पोटरीला निरगुडीचा पाला गरम करून लावला आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, तलावाची पाळ. एक जवान पोरगी उजव्या पायानं लंगडत चाललीय. डावा पाय वर धरलेला, जाडजूड, त्यावर पट्टी, पट्टीतून हिरवा रस. आणि धुण्याच्या दगडावर सुकरीबाई. सुकरीबाईनं दुसरं काय समजावं? या भागात हत्तीपाय काही ऐकीव गोष्ट नाही. पत्रूबाबाचा पाय सगळ्या गावानं पाहिलेला, फायलेरियावाले गोळ्या घेऊन दारोदार येतात, जाड पाय म्हटला की डोक्यात एकच नाव येतं. सुकरीबाई वाईट बाई नव्हे. दुसऱ्याचं दुःख तिला खरोखर पोटात मावत नसे, म्हणून ती ते लगेच वाटून टाकायची.

पंचाईत एवढीच, की सुकरीबाईची रीता ही संघाची कप्तान.

संध्याकाळी सरावाला साखळी करायची होती. पकड करायची तर पोरींनी एकमेकींचा हात धरायचा असतो. रीतानं वच्छलाचा हात धरायच्या ऐवजी तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"हात पकड ना," वच्छला म्हणाली.

"असंच चांगलं हाय."

"काऊन?"

रीता पायाकडे बघत राहिली. पलीकडून रिंकूनं सांगून टाकलं, "माय म्हनते, ते हात लावल्यानं येते."

वच्छलानं ओढणी काढून रीताच्या हातात दिली, म्हणाली, "घे, हिलेच खेळव," आणि घरी गेली. रस्त्यात रडली नाही. घरी आल्यावर पट्टी सोडली, आणि दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. इतकी वर्षं तिला त्या पायाचा राग असा कधी आला नव्हता. आता आला. आणि रागाच्या मागून भीती आली. गाव म्हणतंय ते खरं असलं तर?

ती पत्रूबाबाकडे गेली. पत्रूबाबा आपल्या ओसरीवर, पाय पाटावर ठेवून बसलेला असायचा. पाय गुडघ्यापासून खाली एकसारखा, घोटा कुठे आहे ते शोधावं लागे. गावातली पोरं त्याच्यासमोरून जाताना पळत जायची. वच्छला बसली.

"बाबा, मले खरं सांगा. सुरुवात अशीच होते का?"

पत्रूबाबानं तिचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माह्या पायाले अंगठा लाव. दाब."

वच्छलानं दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. मग पत्रूबाबानं वाकून तिची पोटरी दाबली. पुन्हा दाबली. खड्डा काही पडेना. आणि तो हसला. त्याला हसताना फार जणांनी बघितलं नव्हतं.

"हा तं बैलाचा हाय वो पोरी. माह्या पंगतीत नको बसू, जागा नाई इथी." आणि पुढे म्हणाला, "अन् हात लावल्यानं येत नाई म्हना त्याईले. मच्छरानं येते. इतके वर्सं झाले, माह्या बायकोनं पाय चेपले, तिले कुठी आला?"

फायलेरियावाल्यांनीही बोटातून रक्ताचा थेंब नेला, काही निघालं नाही. वच्छलानं ते रीताच्या आईला जाऊन सांगितलं. सुकरीबाई मान हलवून म्हणाली, "जंतू लय शाने असते वो बाई. सुई पाह्यली का लपून बसते."

पौषात कोसंबीचा शंकरपट. बैलांच्या शर्यती दिवसा, नाटक रात्री, आणि घरोघर पाहुणे. शर्यती बैलांच्या लागतात आणि सोयरिकी माणसांच्या जुळतात. त्या वर्षी सरांनी पटाच्या कमिटीला गळ घालून पोरींचा सामनाही ठेवला होता. राजुऱ्याकडचा संघ येणार होता, कोळसा खाणीच्या वसाहतीतल्या पोरी, सगळ्यांच्या पायात बूट. कमिटीनं बक्षीस लावलं होतं एक बोकड. गावात कोणी कोणाला विचारत नव्हतं की सामना कधी. बोकड केवढा, एवढंच विचारत होते.

सरांनी वच्छलाला बाजूला घेतलं. "पोरी साखळी करत नसन तं मी तुले खेळवू कसा?"

"मी पकडीत नाई येत सर. कोपऱ्यात उभी राह्यते. चढाया करते."

"अन् नाई म्हटलं त्याईनं?"

"तं बोकड जाते म्हना."

बोकडाचं नाव निघताच रीता, रिंकू आणि त्यांच्या आया, सगळ्यांना ते पटलं. वच्छला खेळणार, पण कोपऱ्यात.

सामना दुपारी, पटाच्या दाणीशेजारी, म्हणजे बैल पळायच्या पट्ट्याला लागून. माणूस माणसावर बसलेला. वच्छला पहिल्या चढाईला गेली आणि एक गडी मारून आली. दुसऱ्यांदा गेली, पुन्हा तेच. तिला वाटलं, आज आपल्याला देव लागलाय. राजुऱ्याच्या पोरी तिच्यासमोर येत, आणि ऐन वेळी मागे होत. लोक ओरडत होते, दादाजी एका बैलगाडीवर चढून नाचत होता. तिनं मुद्दाम डाव्यावर वळून पाहिलं. कोणी घोट्याला हात लावला नाही. सकाळच्या लंगडीचं चीज झालं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात. दिवाळीपासून सगळ्यांनी दूर ठेवलेल्या पोरीला एवढं सुख पचणं कठीणच.

मध्यंतराच्या थोडं आधी तिला ते दिसलं. राजुऱ्याची कप्तान, नीलिमा नावाची उंच पोरगी, अगदी तिच्या घोट्यापाशी होती. हात पुढे आलेला होता. पकड सोपी होती. आणि हात घोट्यापासून वीतभर अंतरावर थांबला, तव्यापाशी थांबतो तसा, आणि मागे गेला. नीलिमाच्या डोळ्यांत जे होतं ते वच्छलाला चांगलं ओळखीचं होतं. ओढणीचं टोक धरताना रीताच्या डोळ्यांत तेच होतं.

झालं होतं असं, की सकाळी चहाच्या टपरीवर सुकरीबाईला राजुऱ्याच्या संघाबरोबर आलेल्या बाई भेटल्या. पाहुण्या माणसाशी काही तरी बोलावं लागतं.

मध्यंतराला वच्छला पाणी न पिता रीताकडे आली. "त्याईले मालूम हाय?"

रीतानं इकडे तिकडे बघितलं. "असू दे ना. उलट चांगलंच झालं. भेऊन राह्यल्या त्या. तू काही नको बोलू, आपन जितून राह्यलो."

"अन् तुमी? तुमी बी भेऊनच राह्यल्या ना?"

रीतानं बाटली तोंडाला लावली.

सरांकडे वच्छलानं पाहिलं. सर भूगोलाचे मास्तर, पण त्या क्षणी त्यांना पटाच्या मैदानावर बोकडाशिवाय दुसरी दिशा दिसत नव्हती. ते म्हणाले, "सामना झाल्यावर सांगू ना आपन त्याईले. आरामात."

वच्छला मैदान ओलांडून राजुऱ्याच्या पोरी बसल्या होत्या तिथे गेली. सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि डावा पाय नीलिमासमोर ठेवला. गर्दी एकदम उठून पुढे झाली. पटात माणूस असा बैल पडला तरच उठतो.

"दाब," वच्छला म्हणाली.

"क्या?"

"पाय दाब माहा. अंगठ्यानं. खड्डा पडते का पाह्य. तलावात मारून मारून असा झाला तो. रोग बिग नाई हाय. तुमी घाबरून सोडून राह्यल्या मले, मले नाई चालत."

नीलिमानं आपल्या बाईंकडे बघितलं, मग पायाकडे. मग अंगठा टेकवला. दाबला. जोर करून दाबला. आणि तोंडातून निघून गेलं, "बाप रे, क्या खाती है तू?"

"शिंगाडे," वच्छला म्हणाली, आणि आपल्या बाजूला परत आली.

दुसरा डाव सुरू झाला तो वेगळाच सामना होता. वच्छला गेली की दोघी-तिघी डाव्या घोट्यावर. तिनं एकदा उजव्यावर वळून सगळ्यांना चकवलं आणि सर टोपी फेकायला निघाले, पण उजवा पाय अजून शिकाऊ होता, दर वेळी त्याला जमलं नाही. आघाडी वितळत चालली. समोरून चढाई आली तेव्हा कोपऱ्यात एकटी उभी वच्छला रीताला परवडेना. पकड हातची जाईल असं दिसताच रीतानं न बघता हात मागे केला आणि वच्छलाचा पंजा घट्ट धरला. घामानं भिजलेला. पकड झाली. लक्षात आल्यावरही रीतानं हात सोडला नाही. पुढच्या चढाईलाही तोच धरला.

शेवटची चढाई वच्छलाची. दोन्हीकडे गुण सारखे. तिनं एकीला शिवलं आणि वळली, नेहमीसारखी डाव्यावर, आणि नीलिमानं घोटा धरला. मग दुसरीनं मांडी. मग तिसरी अंगावर आली. वच्छला त्या तिघींना घेऊन मध्यरेषेकडे सरकत होती, इंच इंच, धुळीत डाव्या पायाची खोल रेघ ओढत. अख्खा पट "ओढ! ओढ!" करत होता. रेषा तिच्या बोटांपासून हातभर राहिली तेव्हा श्वास संपला. ती पालथी पडली, आणि तिच्या पायावर राजुऱ्याच्या तीन पोरी, गाल पायाला लागतील इतक्या जवळ, हसत, खोकत, एकमेकींत गुंतलेल्या.

सामना गेला. बोकड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून राजुऱ्याकडे निघाला, आणि सगळं गाव त्याला असं बघत राहिलं, जशी पोरगी सासरी चाललीय.

पण त्या दिवशी पटाला आलेल्या हजारो माणसांनी वच्छला पचारेच्या डाव्या पायाला तीन परक्या पोरी मिठी मारून पडलेल्या पाहिल्या. त्यानंतर हत्तीपायाची बातमी पानठेल्यावर कोणी विकत घेईना. पुढच्या उन्हाळ्यात वच्छलाचं लग्न मूलकडे झालं. नवऱ्याकडे मोठा तलाव आहे, आणि तिकडच्या तराफ्याला तिनं दोन्ही अंगांना टोपल्या बांधायची सोय करून घेतली. रीता तिच्या लग्नात आठवडाभर आधीच येऊन राहिली होती. सुकरीबाईसुद्धा आली, आणि जेवणावळीत सर्वांना सांगत होती, की पोरीच्या पायाला काही नव्हतं हे तिला आधीपासूनच माहीत होतं.

त्या दिवशी पटावर मात्र सुकरीबाई चांगलीच तापली होती. धुळीनं माखलेली वच्छला हापशीवर तोंड धूत होती. सुकरीबाई कमरेवर हात देऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"का वो वच्छला, तोंड गप ठेवलं असतं तं काय जीभ झडत होती? आयतं घरी आलेलं बोकड तुनं राजुऱ्याले देऊन टाकलं!"

वच्छलानं डावा पाय हापशीच्या धारेखाली धरला, हातानं चोळून धुतला आणि म्हणाली, "सुकरीबाई, बोकड तुमी एका दिवसात खाऊन टाकलं असतं. पाय मले जनमभर घेऊन फिराचा हाय."